ब्रॅडफर्डची रात्रपाळी, लेस्टरचा गल्ला

फेब्रुवारी २०२० मध्ये साजिद जाविद यांनी ब्रिटनचं अर्थमंत्रिपद सोडलं आणि त्यांच्या जागी ऋषी सुनक आले. जाविद यांचे वडील पाकिस्तानी पंजाबातल्या खेड्यातून आलेले. आधी रॉचडेलच्या कापडगिरणीत राबले, मग बस चालवू लागले. सुनक यांचे आईवडील पूर्व आफ्रिकेत वाढलेल्या पंजाबी कुटुंबांतले. वडील डॉक्टर, आईचं औषधांचं दुकान. गिरणी कामगाराचा मुलगा खुर्चीवरून उठला आणि डॉक्टरांचा मुलगा बसला. शितावरून भाताची परीक्षा करायची तर दोन्ही समाज सारखेच शिजले म्हणायचे.

भात मात्र तसा नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ सालचे तासाचे पगार वांशिक गटांनुसार मांडले होते. एका गटातले सगळे पगार चढत्या क्रमाने लावले, तर बरोबर मधोमध येणारा पगार भारतीय वंशाच्या लोकांत १३ पौंड ४७ पेन्स होता, गोऱ्या ब्रिटिशांत १२ पौंड ३ पेन्स आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांत १० पौंड. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी कुटुंबं भारतीयांत ७४ टक्के, पाकिस्तान्यांत ५८ टक्के. फरक लहान नाही.

असे आकडे आपल्याकडे पोचले की पुढे काय होतं ते सांगायला नको. ‘बघा, आपली माणसं कुठे आणि ती कुठे’ हा निरोप सकाळच्या सुविचाराच्या आधी फिरतो. जणू फाळणीचा निकाल इंग्लंडमध्ये, भारतीयांच्या लेस्टर आणि पाकिस्तान्यांच्या ब्रॅडफर्ड शहरात लागला! मला या निष्कर्षाचा कंटाळा आलाय, आणि तो केवळ सभ्यतेपोटी नाही. त्यात हिशेबाची चूक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शितं एकाच पातेल्यात, एकाच विस्तवावर असतात. इथे तांदूळ निवडतानाच दोन वेगळी सुपं वापरली होती.

पहिलं सूप मिरपूरचं. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिकांचं मूळ पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूर आणि त्याच्या आसपासच्या भागात आहे. कराची नाही, लाहोर नाही. डोंगरपायथ्याचा एक कोरडवाहू मुलूख. पावसावरची शेती, लहान तुकडे, घरटी एकदोन पोरं बाहेर कमवायला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली माणसं मुंबई बंदरात येऊन इंग्रजी आगबोटींवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम धरत. त्यातले काही इंग्लंडच्या बंदरांत उतरले ते तिथेच राहिले. वाट पडली ती अशी.

मग धरण आलं. १९६० साली सिंधू पाणीवाटप करार झाला आणि त्यानंतर झेलमवर मंगला धरण बांधून १९६७ साली पूर्ण झालं. जुनं मिरपूर शहर आणि सुमारे २८० गावं पाण्याखाली गेली, एक लाखाहून जास्त माणसं उठली. कोयनेचे धरणग्रस्त आठवले तर हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ जसं वर येतं, तशी मंगलाचं पाणी उतरलं की जुन्या मिरपुरातली देवळं आणि दर्गा आजही दिसू लागतात. ब्रिटनने १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या कामगारांसाठी परवाने सुरू केले होते. ज्यांचे चुलते-मामे आधीच तिकडे होते, ती मिरपुरी पोरं नुकसानभरपाईचे पैसे तिकिटाला घालून निघाली.

ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांना तेव्हा माणसं हवी होती, पण कुठली? गिरणीमालकांनी नवी महागडी यंत्रं घेतली होती आणि ती चोवीस तास चालली तरच परवडत. कायद्याने बायकांना कारखान्यात रात्रपाळी करता येत नव्हती आणि गोऱ्या पुरुषांना ती नको होती. म्हणून रात्रपाळी मिरपुरी पुरुषांकडे आली. एका घरात दहाबारा जण, रात्रीचे कामाला गेले की त्यांच्याच गाद्यांवर दिवसपाळीवाले झोपत. लालबाग-परळच्या गाळ्यात वळकट्या टाकून राहिलेल्या आणि खानावळीत जेवलेल्या सातारा-रत्नागिरीच्या माणसाला हे चित्र परकं वाटलं नसतं. बायको-मुलं गावी, दर महिन्याला मनीऑर्डर, आणि ‘दोनचार वर्षांत परत जाऊ’ ही समजूत. गिरणगावात संप १९८२ साली झाला, ब्रॅडफर्डच्या गिरण्या त्याच्या आधीपासूनच एकेक करून बंद पडत होत्या. बायको-मुलांना तिकडे आणलं ते बहुतेकांनी नेमकं या पडझडीच्या काळात. कुटुंब वाढलं, पगार गेला.

दुसरं सूप पूर्व आफ्रिकेचं. ते आणखी मजेशीर आहे, कारण त्यातून तांदूळ दोनदा पाखडला गेला.

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून ३० हजारांहून अधिक मजूर नेले. त्यातले बहुतेक परत आले. रुळांच्या मागोमाग आत शिरले ते मुख्यत्वे गुजराती व्यापारी; आफ्रिकेतल्या रानात पत्र्याचं दुकान टाकणारे ‘दुकावाले’. सरकारी कचेऱ्यांत गोव्याहून गेलेले कारकून होते. दोन पिढ्यांत युगांडाच्या व्यापाराचा मोठा हिस्सा या लोकांच्या हाती आला. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने त्यांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. घर, दुकान, साखर कारखाना, सगळं तिथेच. कुटुंबामागे पन्नासेक पौंड तेवढे बरोबर नेता आले. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये उतरली आणि सरकारने त्यांना जुन्या लष्करी छावण्यांत ठेवलं. लेस्टर नगरपालिकेने तर कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. माणसं जाहिरात वाचून लेस्टरलाच आली. मनाई करायला का होईना, शहराने स्वतःचं नाव छापलं होतं. आणि आधी आलेले नातेवाईकही तिथेच होते.

इथे अँड्र्यू रॉय या अर्थशास्त्रज्ञाची एक जुनी युक्ती कामी येते. १९५१ साली त्याने एक काल्पनिक गाव रचलं. गावात दोनच धंदे: ससे पकडणं आणि ट्राउट मासे पकडणं. ससे भरपूर आणि भोळे, त्यामुळे हुशार शिकारी आणि सुमार शिकारी यांच्या पिशवीत फार फरक पडत नाही. ट्राउट मात्र बेरकी. तो कुणाच्या गळाला लागेल आणि कुणाच्या नाही, हे कसबावर ठरतं. मग माशांकडे कोण वळेल? ज्याला आपल्या हातावर भरवसा आहे तो. जॉर्ज बोर्हास यांनी १९८७ साली हाच विचार स्थलांतराला लावला: कोण देश सोडतो हे जाणाऱ्याच्या जिद्दीवर तर असतंच, पण जिथे जायचंय तिथे कसबाला किती भाव आहे यावरही असतं.

लोकरगिरणीची रात्रपाळी म्हणजे ससे. मॅट्रिक झालेल्याला आणि अंगठेबहाद्दराला तिथे सारखाच पगार. लाहोरच्या पदवीधराने त्यासाठी घर का सोडावं? आफ्रिकेतलं दुकान म्हणजे ट्राउट. उधारी कुणाला द्यायची, माल किती भरायचा, तीन भाषांत घासाघीस कशी करायची हे ज्याला जमलं नाही तो बुडाला किंवा परतला. १९७२ साली ज्यांना हाकललं ते या चाळणीतून आधीच गेलेले होते. अमीनच्या क्रौर्यातून शास्त्रज्ञांच्या हाती नकळत एक प्रयोगही आला: एका समाजाची मालमत्ता जवळजवळ पूर्ण काढून घ्या, बाकी सगळं राहू द्या आणि काय होतं ते पाहा. राहिलं होतं ते इंग्रजी, शालेय दाखले, हिशेबाची सवय, आणि ओळखीवर कर्ज देणारे भाईबंद. शिवाय बायकांचं शिक्षण. त्या आल्या आल्या कारखान्यात लागल्या आणि घरात दोन पगार सुरू झाले. लंडनच्या ग्रनविक फोटो प्रक्रिया कारखान्यात १९७६ ते १९७८ असा जो गाजलेला संप झाला, त्याच्या पुढारी जयाबेन देसाई टांझानियाहून आलेल्या होत्या. साडीतल्या त्या बाईंची छायाचित्रं ब्रिटिश कामगार चळवळीच्या इतिहासात आहेत. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आज सोन्याच्या पेढ्या दिसतात, पण त्यांच्यामागे मोजे-बनियनच्या कारखान्यांतली अशी बरीच वर्षं आहेत.

धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वाटेत सांगून टाकतो. युगांडातून निघालेल्यांत इस्माइली खोजेही होते, म्हणजे मुसलमानच. त्यातले अनेक कॅनडात गेले आणि तिथे त्यांचं उत्तम चाललं आहे. चाळणी तीच, म्हणून पीठही तसंच.

पण सगळंच निवडीवर ढकललं की फसायला होतं. ते तपासायला तिसरा गट लागतो: मिरपुऱ्यांसारखाच शेतकरी, तसाच कमी शिकलेला, तशाच कामाला लागलेला. तो आहे. जालंधरच्या दोआबातून गेलेले शीख जाट. रॉजर बॅलार्ड या मानववंशशास्त्रज्ञाने नेमकी हीच जोडी शेजारी ठेवून पाहिली. हे शीखही आधी ओतशाळांत आणि रबराच्या कारखान्यांत राबले, तेही आधी एकटेच आले. पण पुढे वाट फुटली, आणि त्याचं एक कारण लग्नाच्या रीतीत होतं.

शीख जाटांत गोत्र टाळतात, आई-आजीकडचंही टाळतात. सोयरीक नात्याबाहेर करायची असते, म्हणून लंडनजवळच्या साउथॉलच्या मुलाला दूरच्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरातली मुलगी चालते. मिरपुऱ्यांत चुलत-मावस भावंडांत लग्न करायची रीत. (मामाची मुलगी करणाऱ्या आपण याला नाक मुरडू नये.) आता पाहा: १९६२, १९६८ आणि १९७१ च्या कायद्यांनी मजुरांना एकेक दार बंद होत गेलं आणि उघडं राहिलं ते लग्नाचं. ब्रॅडफर्डच्या माणसाला गावच्या भावाने ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला दे’ म्हटलं तर नाही कसं म्हणणार? त्या भावाने मागे राहून आईबाप आणि शेत सांभाळलेलं असतं. परिणाम असा, की तिसऱ्या पिढीतही अनेक घरांत आई किंवा वडील नुकतेच खेड्यातून आलेले, इंग्रजी नवं, पगार तळाचा. पहिली पिढी संपतच नाही. शिखांनी कुटुंबं दहाएक वर्षं आधी आणली, मुलं लवकर इंग्रजी शाळेत गेली. पैसाही वेगळ्या वाटेने वाहिला. दोआबात कालवे-विहिरी होत्या आणि हरितक्रांती सुरू होती, तिकडे पाठवलेला पौंड ट्रॅक्टरमध्ये गेला आणि उगवला. मिरपूरच्या खडकाळ जमिनीत गुंतवायला काही नव्हतं, तिथे मोठमोठी घरं उठली आणि कुलूपबंद राहिली. कोकणातली चिऱ्याची बंद घरं पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये.

गाव कुठलं मिळालं, हेही कमी महत्त्वाचं नाही. साउथॉलच्या शेजारी हीथ्रो विमानतळ वाढत गेला. ब्रॅडफर्डच्या शेजारी बंद गिरण्यांची दुसरी गावं होती.

मुलांचं काय झालं? हा भाग आपल्या निरोपांत कधीच येत नाही. इंग्लंडमध्ये २००८ साली सोळाव्या वर्षीची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांचा पुढे माग काढला, तेव्हा गोऱ्या ब्रिटिश मुलांपैकी सुमारे ३३ टक्के विद्यापीठात पोचली होती आणि पाकिस्तानी वंशाची ४५ टक्के. भारतीय वंशाची ६७ टक्के, म्हणजे अंतर आहेच. पण ज्यांच्या आईला इंग्रजीत सही करता येत नव्हती, त्या घरांतली मुलं यजमान समाजाच्या पुढे गेली आहेत. संस्कृतीने माणसं मागे खेचली म्हणणाऱ्यांनी हा आकडा कुठे बसवायचा ते ठरवावं.

पदवी मिळाली तरी पगार मिळेल असं नाही. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या संशोधकांनी २०१६-१७ मध्ये सुमारे ३,२०० खऱ्या नोकऱ्यांसाठी खोटे अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, बदललं ते नाव आणि त्यातून दिसणारं मूळ. इंग्रजी नावाच्या उमेदवाराला १० अर्जांत जेवढी उत्तरं येतात, तेवढ्यासाठी पाकिस्तानी वंशाच्या उमेदवाराला १७ पाठवावे लागले.

राहता राहिलं ‘भारतीय’ हे लेबल. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे साडेअठरा लाख लोक भरले. त्यात युगांडावाले आहेत, जालंधरवाले आहेत, सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर आहेत आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत पुण्या-हैदराबादहून गेलेले संगणक अभियंतेही आहेत. या शेवटच्यांना व्हिसाच पगार पाहून मिळतो. तिथे चाळणी दुकानदारीची नसून थेट सरकारची आहे. आणि त्याच लेस्टरमध्ये, जिथे तीनात एकाहून जास्त माणूस भारतीय वंशाचा आहे, दरडोई उत्पन्न ब्रिटनमधल्या सगळ्यांत कमी उत्पन्नाच्या भागांत मोडतं. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या लहान कपडे-कारखान्यांत किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी पैशांत चाललेलं काम उजेडात आलं. त्या शिलाई यंत्रांवर बसलेल्यांत गुजराती बायकाही होत्या. सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यात त्या आणि पुण्याचा अभियंता एकाच रकान्यात पडतात.