उभ्या इंजिनात पाणी येतं कुठून?

वापरून इंजिन झिजतं, हे कुणालाही पटतं. पण सहा महिने नुसता उभा असलेला जनरेटर ऐन गरजेला सुरूच होत नाही, तेव्हा माणूस बुचकळ्यात पडतो. कुणी हात लावला नाही, मग बिघडलं काय? बहुतेक वेळा मूळ एकच असतं: आत साठलेलं पाणी.

अर्धवट भरलेल्या टाकीत डिझेलच्या वर दमट हवा असते. रात्री टाकीचा पत्रा गार पडला की हवेतल्या वाफेचे थेंब आतून धरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते ओघळून तळाशी जातं. रोज थोडं थोडं. मग पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बुरशी आणि जिवाणू वाढू लागतात. राहायला पाणी, खायला डिझेल! ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी तर विमानांच्या टाक्यांमध्येही सापडली आहे. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत काळपट, बुळबुळीत लगदा दिसला, तर तो बहुधा याच मंडळींचा. त्याने फिल्टर तुंबतो. पाणी पुढे गेलं तर पंप आणि नोझल गंजतात, आणि तिथल्या सरकत्या भागांमधली फट असते जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी.

म्हणून यंत्र ठेवण्याआधी टाकीच्या तळाचं पाणी काढावं, फिल्टर बदलावा आणि प्रसरणापुरती थोडी जागा सोडून टाकी भरावी. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर जास्त जपावं; ते पाणी अधिक धरतं आणि लवकर खराब होतं.

ऑइलच्या बाबतीत मात्र अनेकांचं गणित उलटं असतं. ‘पुन्हा सुरू करू तेव्हा नवीन घालू,’ असं म्हणतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओल आणि ज्वलनातून आलेली आम्लं असतात, आणि ती महिनोन्महिने बेअरिंगला लागून राहतात. यंत्र ठेवण्याआधीच ऑइल बदलावं, तेही इंजिन गरम असताना, म्हणजे घाण ऑइलबरोबरच निघून येते. नवीन भरल्यावर थोडा वेळ चालवावं. त्याचा थर सगळीकडे बसतो.

‘आठवड्यातून पाच मिनिटं चालवतो’ ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. एक लिटर डिझेल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं. गार इंजिनात लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर), ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये थेंब होऊन साचतं. ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच. चालवायचंच असेल तर लोड देऊन, पूर्ण तापेपर्यंत चालवावं.

बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर काढून ठेवावी. रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कूलंट हवं. सायलेन्सरचं आणि एअर फिल्टरचं तोंड झाकावं, आणि झाकल्याची चिठ्ठी चावीलाच बांधावी. मी हे कधीच चुकवत नाही.

पुन्हा सुरू करताना आधी ती झाकणं काढायची. मग डिझेल बंद ठेवून इंजिन थोडं थोडं थांबत स्टार्टरवर फिरवायचं. ऑइल प्रेशरचा काटा हलला, की मगच डिझेल सोडायचं.