जॉर्जिया २०२०: ऑडिट कोणतं आणि फेरमोजणी कोणती?

अमेरिकेतल्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जिया राज्यातल्या सुमारे पन्नास लाख मतपत्रिका तीन वेळा मोजल्या गेल्या, आणि तिन्ही वेळा जो बायडन पुढे राहिले. आघाडीचा आकडा मात्र दर वेळी वेगळा आला. पहिल्यांदा शिक्कामोर्तब झालेल्या निकालात तो १२,६७० होता, हातमोजणीत १२,२८४ आणि शेवटी ११,७७९. आकडे हलले म्हणजे पाणी मुरतंय, असं एक बाजू आजही म्हणते. तीनदा मोजलं, तीनदा तोच माणूस जिंकला, आता बोलायचं काय, असं दुसरी बाजू म्हणते. अटलांटाच्या उत्तरेला अल्फरेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या भागात बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या इथल्या नातेवाइकांनीही तेव्हा हेच विचारलं होतं: तिकडे परत परत मोजतायत तरी काय?

उत्तर असं की मधली मोजणी हे ऑडिट होतं आणि शेवटची ही फेरमोजणी. कागद तेच, उमेदवार तेच. पण दोन्हींचा हेतू, पद्धत आणि कायद्यातलं वजन इतकं वेगळं की एकीचा आकडा दुसरीशेजारी ठेवून ‘फरक का पडला’ असं विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

गोंधळाला लोकांना दोष देता येत नाही. जॉर्जियात निवडणुकीची जबाबदारी सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदाकडे असते आणि त्या वेळी तिथे रिपब्लिकन पक्षाचे ब्रॅड रॅफन्सपर्गर होते. ११ नोव्हेंबरला हातमोजणीची घोषणा करताना त्यांनीच सांगितलं की हे ऑडिट, फेरमोजणी आणि फेरतपासणी, सगळं एकदमच असेल. हेतू लोकांचा विश्वास कमावण्याचा होता, हे मला मान्य आहे. पण त्या एका वाक्यानं पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढी सरमिसळ करून ठेवली. कारण दहा दिवसांनी खरी फेरमोजणी मागितली गेली, तेव्हा ‘आधी झाली होती ती कोणती मग?’ हा प्रश्न उभा राहणारच होता.

आधी ऑडिट. २००२ पासून जॉर्जियाभर टचस्क्रीन यंत्रांवर मतदान व्हायचं आणि त्यातून कागद निघायचा नाही. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी ब्रायन केम्प आणि स्टेसी अब्राम्स यांच्यात चुरशीची लढत झाली. तेव्हा टपाली मतं वगळता हातानं पुन्हा मोजण्याजोगं काही शिल्लकच नव्हतं. २०१९ च्या कायद्यानं ही पद्धत बदलली. आता मतदार स्क्रीनवर निवड करतो, प्रिंटरमधून कागद बाहेर येतो, त्यावर निवडलेली नावं वाचता येतील अशी छापलेली असतात आणि सोबत एक क्यूआर कोड असतो. मतदार तो कागद स्कॅनरमध्ये टाकतो. त्याच कायद्यानं असंही ठरवलं की निकालावर शिक्कामोर्तब होण्याआधी मोजणीचं ऑडिट झालंच पाहिजे. ते कोणी मागावं लागत नाही, निकाल चुरशीचा असण्याची अट नाही, तक्रारही लागत नाही.

अशा ऑडिटमध्ये एरवी सगळ्या मतपत्रिका मोजत नाहीत. यादृच्छिक पद्धतीनं काही नमुना काढतात, तो माणसं डोळ्यांनी वाचतात आणि यंत्राच्या निकालाशी ताडून पाहतात. जिंकणारा चुकीचा जाहीर झाला असेल, तर ती चूक नजरेतून सुटण्याची शक्यता एका ठरावीक मर्यादेच्या आत ठेवायची, असं यामागचं संख्याशास्त्र आहे. जॉर्जियानं ही मर्यादा १० टक्के धरली होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी या पद्धतीचा पाया घातला आणि २०१७ मध्ये कोलोरॅडोनं ती प्रथम राज्यभर वापरली. फरक मोठा असेल तर थोडक्या कागदांत खात्री पटते. फरक जसजसा आवळत जातो तसतसा नमुना फुगतो. पन्नास लाखांत चौदा हजारांच्या आसपास आघाडी म्हणजे नमुनाच लाखोंच्या घरात गेला असता आणि वेगवेगळ्या पेट्यांतून एकेक कागद हुडकत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा सगळेच मोजावेत, हे सोपं पडलं.

१३ नोव्हेंबरला १५९ काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, काम सुरू झालं. एका टेबलावर दोघं. एकानं कागद उचलायचा, नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्यानं स्वतः वाचून खात्री करायची आणि त्या उमेदवाराच्या ढिगात ठेवायचा. ट्रम्प, बायडन आणि लिबर्टेरियन पक्षाच्या जो यॉर्गन्सन यांचे ढीग वेगळे, कोऱ्यांचा वेगळा, दोन नावांवर खूण असलेल्यांचा वेगळा. खूण संदिग्ध असेल तर तो कागद दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या पॅनेलकडे जायचा. पक्षांचे निरीक्षक आजूबाजूला फिरत असायचे. १८ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत हे चाललं.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बातम्यांत फार कमी आली. टेबलावरची माणसं छापलेलं नाव वाचत होती, स्कॅनरनं मात्र पहिल्या मोजणीत क्यूआर कोड वाचला होता. म्हणजे कोडमध्ये एक आणि कागदावर दुसरंच, असा घोटाळा कोणी केला असता, तर तो या टेबलांवर उघडा पडला असता. यंत्रानं काय केलं हे यंत्राला न विचारता तपासणारी या संपूर्ण निवडणुकीतली हीच एक मोजणी होती.

तिनं चुका शोधूनही दाखवल्या. फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून अधिक मतपत्रिका पहिल्यांदा स्कॅनच झाल्या नव्हत्या. फेएट काउंटीत मेमरी कार्डवरची २,७५५ मतं बेरजेत आलीच नव्हती. वॉल्टन आणि डग्लस काउंट्यांत असेच काही शे निघाले. ही सगळी माणसांच्या निष्काळजीपणाची उदाहरणं आणि त्यातली बरीचशी मतं ट्रम्प यांची. त्यानं ट्रम्प पुढे गेले नाहीत, पण बायडन यांची आघाडी घटली. ऑडिट झालं नसतं तर हजारो लोकांचं मत कपाटात पडून राहिलं असतं. ऑडिट ही निव्वळ औपचारिकता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी फ्लॉइडचं उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

मग १२,२८४ हा अधिकृत निकाल का झाला नाही? कारण ऑडिटचं काम एवढंच होतं की जिंकणारा योग्य माणूस आहे का, हे सांगायचं. माणसं लाखो कागद मोजताना एखादा ढीग दोनदा धरतात, एखादा आकडा चुकीचा टिपतात. कुठल्याही काउंटीत जास्तीत जास्त चूक ०.७३ टक्के निघाली आणि बहुतेक ठिकाणी ती त्याच्या जवळपासही गेली नाही. अशी इकडची तिकडची मतं ऑडिटला चालतात, कारण त्यानं विजेता बदलत नाही. म्हणून सापडलेली मतं यंत्राच्या मूळ बेरजेत मिळवली गेली आणि २० नोव्हेंबरला १२,६७० च्या आघाडीवर शिक्कामोर्तब झालं. हातमोजणीचा आकडा अहवालात राहिला.

आता फेरमोजणी. ती शिक्कामोर्तबानंतर येते आणि ती कोणीतरी मागावी लागते. जॉर्जियाचा नियम असा की फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर हरलेल्या उमेदवाराला, निकाल प्रमाणित झाल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत ती मागता येते. इथे फरक पाव टक्का होता. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेनं २१ नोव्हेंबरला मागणी केली, २४ तारखेला काम सुरू झालं आणि २ डिसेंबर ही मुदत होती. पद्धत सरळ होती: नमुना मतपत्रिका टाकून स्कॅनर तपासायचे, मग सगळे कागद पुन्हा स्कॅनरमधून काढायचे. म्हणजे पुन्हा तोच क्यूआर कोड वाचला जाणार. टपाली मतपत्रिकांवर मात्र मतदारानं पेनानं वर्तुळ भरलेलं असतं. तिथे खूण संदिग्ध असेल तर माणसांनी पुन्हा निर्णय द्यायचा.

नोटा मोजायच्या यंत्रातून पुडकं पुन्हा फिरवणं आणि तेच पुडकं हातात घेऊन एकेक नोट पाहणं, इतका हा फरक आहे. पहिल्या प्रकारात बेरीज चुकली असेल तर कळतं. यंत्र एखादी विशिष्ट नोटच चुकीची ओळखत असेल, तर ते दुसऱ्याच प्रकारात कळतं.

फेरमोजणीचा जोर वेगळ्याच जागी आहे. तिचा आकडा आधीच्या प्रमाणित आकड्याची जागा घेतो. ७ डिसेंबरला रॅफन्सपर्गर यांनी निकालावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं: बायडन २४,७३,६३३, ट्रम्प २४,६१,८५४, फरक ११,७७९. इतिहासाच्या पुस्तकात हाच आकडा जातो. २ जानेवारी २०२१ च्या फोनवर ट्रम्प यांनी रॅफन्सपर्गर यांच्याकडे ११,७८० मतं शोधण्याची गोष्ट काढली, ती याच आकड्यावर एक मिळवून.

म्हणजे पुरावा म्हणून ऑडिट भक्कम, पण कायद्यानं निकाल बदलण्याची ताकद फेरमोजणीत. मला ही व्यवस्था थोडी उलटी वाटते. यंत्रावर संशय असलेल्या मतदाराला जी मोजणी खरं उत्तर देते, तिला कायद्यात आकड्याचं वजन नाही. ज्या मोजणीला वजन आहे, ती त्याच प्रकारच्या यंत्रातून पुन्हा जाते. २०२० मध्ये दोन्ही झाल्या आणि दोन्हींचा कौल एकच आला, म्हणून हा प्रश्न टोकाला गेला नाही.

इतर राज्यांकडे पाहिलं की भेद आणखी ठळक होतो. विस्कॉन्सिनमध्ये त्याच वर्षी ट्रम्प यांच्या बाजूनं फक्त मिलवॉकी आणि डेन या दोन काउंट्यांची फेरमोजणी मागितली, त्यासाठी ३० लाख डॉलर भरले आणि बायडन यांचीच आघाडी ८७ मतांनी वाढली. अॅरिझोनात फरक १०,४५७, म्हणजे ०.३ टक्के. तरी फेरमोजणी झाली नाही, कारण तिथला कायदा तेव्हा ०.१ टक्क्याच्या आतला फरक मागायचा. पुढे २०२२ मध्ये ही मर्यादा अर्धा टक्का झाली. त्याच अॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत कायद्यानं ठरलेली नमुना-हातमोजणी नोव्हेंबर २०२० मध्येच झाली होती आणि ती तंतोतंत जुळली होती. तरी २०२१ मध्ये राज्याच्या सिनेटनं निवडणुकीच्या कामाचा अनुभव नसलेल्या एका खाजगी कंपनीला एकवीस लाख मतपत्रिका दिल्या. महिनोन्‌महिने मोजणी करून तिच्या अहवालात बायडन यांची आघाडी ३६० नं वाढली. या प्रकाराला सगळीकडे ऑडिट म्हटलं गेलं. नियम आधी ठरलेले नव्हते, पद्धत मध्येच बदलत होती. ऑडिट या नावाची पत अशा प्रकारांनी जाते, आणि ती परत मिळवायला खूप वेळ लागतो.

दोन्हींच्या आवाक्याबाहेरचाही एक प्रश्न आहे आणि वाद बहुतेक त्यावरच होता: मत देणारा पात्र होता का? टपाली लिफाफ्यावरची सही तपासली की मतपत्रिका लिफाफ्यातून वेगळी होते. मत गुप्त राहावं म्हणून त्यानंतर कोणता कागद कोणाचा हे जोडताच येत नाही. त्यामुळे ऑडिट असो की फेरमोजणी, सह्यांबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी कॉब काउंटीत वेगळी तपासणी झाली. राज्याच्या तपास यंत्रणेच्या मदतीनं १५ हजारांहून अधिक लिफाफे पाहिले गेले आणि बनावट मत एकही सापडलं नाही. तिलाही ऑडिटच म्हटलं गेलं. तिसरीच गोष्ट, नाव तेच.

आपल्याकडेही हे दोन धागे गुंततात. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, ते ऑडिटच्या जातीचं आहे. उमेदवारानं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करून चिठ्ठ्या मोजायला लावणं फेरमोजणीच्या जवळ जातं. तिथे चिठ्ठी आणि यंत्राचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठीचा आकडा धरतात, आणि इथे आपला नियम मला जॉर्जियापेक्षा स्पष्ट वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानं दिलेली यंत्रांच्या मेमरीची तपासणी ही आणखी निराळी. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर महाराष्ट्रातल्या अनेक पराभूत उमेदवारांनी त्या तपासणीसाठी अर्ज केले, तेव्हा बऱ्याच बातम्यांत तिला सरसकट फेरमोजणी म्हटलं गेलं.

जॉर्जियात क्यूआर कोडवरची शंका पुढेही शमली नाही. मतदार छापलेली नावं वाचू शकतो, कोड वाचू शकत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. २०२४ च्या एका कायद्यानं १ जुलै २०२६ पासून मोजणीसाठी हे कोड वापरू नयेत असं ठरवलं. २०२४ च्याच नोव्हेंबरात ट्रम्प यांनी जॉर्जिया सुमारे १ लाख १५ हजार मतांनी जिंकलं. फरक दोन टक्क्यांच्या वर असल्यानं फेरमोजणी मागण्याचा हक्कच कोणाला नव्हता. ऑडिट मात्र झालं, नमुना काढून, हातानं, आणि विजेता तोच निघाला.