प्रभुभोजनाची मोकळी पंगत

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं उपासनेला जमतात. दारावर पाटी नाही. सतरंजी, पेटी, तबला आणि मधोमध पाटावर स्टीलची ताटली. पहिल्यांदा गेले तेव्हा प्रार्थना झाल्यावर ती ताटली हातोहात फिरली. त्यात पोळीचे तुकडे होते, सोबत वाटीत द्राक्षाचा रस. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी शेजारच्या मावशींना हळूच म्हटलं, "माझा बाप्तिस्मा झालेला नाही हो." त्या म्हणाल्या, "इथं कुणी विचारत नाही. घ्या."

या 'घ्या'मागे किती मोठा इतिहास आहे, ते मला नंतर वाचताना उमगलं. बाप्तिस्मा झाल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायची ही भाकर आणि हा रस, मिळत नाही, हा नियम फार जुना. 'दिदाखे' ही अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची शिकवणपुस्तिका, तिच्यातही तो आहे. आजही बहुतेक चर्च तो पाळतात. रावपुऱ्यातली ही स्वतंत्र मंडळी पाळत नाही. येशू पापी ठरवलेल्यांच्या, जकातदारांच्या पंगतीला बसला, मग त्याच्या पंगतीला दारावर पहारा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या श्रद्धाही याच धाग्यातल्या: येशूचा मार्ग आपला, पण देवाकडे जाणारा तो एकच असा दावा नाही. बायबल मनापासून वाचायचं, पण लिहिणारी माणसं कोणत्या काळातली होती हे ध्यानात ठेवून. शंका विचारणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. बाई उपासना चालवू शकते, समलिंगी माणसाला दार उघडं आहे.

हे सगळं अमेरिकेतून आलेलं नवं खूळ, असं मी बडोद्यात दोन-तीनदा ऐकलं. त्यात थोडं तथ्य आहे. 'पुरोगामी ख्रिस्ती' या नावाने संघटित चळवळ अमेरिकेत १९९० च्या दशकात उभी राहिली. त्याआधी एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी बायबलचा इतिहासाच्या अंगाने अभ्यास सुरू केला होता, आणि १९६८ साली ट्रॉय पेरी यांनी लॉस एंजेलिसजवळच्या स्वतःच्या घरात बारा जणांना घेऊन समलिंगी माणसांना सामावणारी उपासना सुरू केली होती. पण आपल्याकडची वाट याहून जुनी आहे आणि ती मराठीतून जाते.

'स्वतंत्र मंडळी' हा शब्दच घ्या. वर बिशप नाही, मंडळीने आपला पाळक आपण निवडायचा आणि आपला कारभार आपण पाहायचा, ही पद्धत काँग्रिगेशनल परंपरेतली. १८१३ साली मुंबईत उतरलेले आणि पुढे १८३१ पासून नगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुख्यतः याच परंपरेतले. याच परंपरेत १८५३ साली न्यूयॉर्क राज्यात अँटोनेट ब्राऊन या बाईंना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या मठातल्या जोगिणींशी, म्हणजे नन्सशी, त्यांचा पत्रव्यवहार वाचताना मी थक्क झाले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, हे त्या उघड लिहितात. पुरोहितांचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं घेणार नाही, असं बजावतात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, एवढ्या बारीक गोष्टीवरही त्या अडून बसल्या. मला यात हट्ट दिसत नाही. जी भाषा आपली नाही त्या भाषेत देवाशी बोलायला नकार देणारी बाई दिसते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बरोबरीने असावेत, अशी ती कल्पना. मावशींचं 'घ्या' हे इथून शंभर वर्षांपूर्वीचं आहे!

बडोद्याचा धागा आणखी वेगळा. विठ्ठल रामजी शिंदे यांना शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचं साह्य होतं. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. ते कॉलेज युनिटेरियनांचं, म्हणजे येशूला गुरू मानणाऱ्या पण त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. परतण्याआधी १९०३ साली त्यांनी ॲमस्टरडॅमच्या परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. 'उदार धर्म' हा त्यांचाच शब्द, आणि 'पुरोगामी'पेक्षा मला तो जास्त आवडतो. शिंदे ख्रिस्ती झाले नाहीत, प्रार्थना समाजातच राहिले. पण धर्माधर्मांतल्या भिंतीत दार पाडता येतं, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवलं.

आणि तरीही, ज्या १९१७ साली साताऱ्यात दरबार भरला, त्याच साली बडोद्यात काय घडलं? संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून नाव बदलून पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. मग ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्हाला घरात घेतलं तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. ते मूळचं ब्राह्मण कुटुंब. धर्म बदलून नवऱ्याचे विचार मोकळे झाले होते, पण बाईंच्या घरात अस्पृश्याला जागा नव्हती. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत, आजच्या सयाजी बागेत काढले.

ही हकीकत मी त्या मावशींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की, त्यांच्या लहानपणी गावाकडच्या चर्चमध्येही कोण कोणत्या बाकावर बसतं हे ठरलेलं असे, आणि प्याला कुणाच्या नंतर आपल्याकडे येतो यावर घरी कुजबूज चाले. बाप्तिस्मा सगळ्यांचा एकच झालेला, तरीही. म्हणून या मंडळीत ताटली कुठून सुरू व्हायची याचा क्रम ठेवलेला नाही. जो पाटाजवळ बसला असेल तो उचलतो. आडनाव विचारायचं नाही, हेही ठरलेलं.

मागच्या रविवारी ताटली एका कॉलेजच्या मुलाने उचलली. तो पहिल्यांदाच आला होता. कुणाकडे द्यायची हे त्याला कळेना, तेव्हा मावशींनी हात पुढे केला.