नर्सिंग कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिओलॉजी तासिका तत्त्वावर शिकवायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

ॲडमिशन संपत आल्या की नागपुरातल्या नर्सिंग कॉलेजांच्या जाहिराती यायला लागतात आणि थोड्या दिवसांनी मला फोन. मॅडम, अपात्र यादीत नाव आलं, काहून आलं ते कोणी सांगतच नाही. मी स्वतः जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पोरींना ॲनाटॉमी शिकवते आणि बऱ्याच जणांच्या फायली पाहिल्यात. शिक्षण चांगलं असतं, शिकवताही येतं, आणि एका कागदापायी अडकतात.

आधी पात्रता. बाहेरून येणाऱ्या पार्ट टाइम शिक्षकाकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि शिकवण्याचा अनुभव लागतो. म्हणजे एम.एस्सी. मेडिकल ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, किंवा एमडीवाले सरळ बसतात. झूऑलॉजीची एम.एस्सी. किंवा बीएएमएस असेल तर फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाहिरात हातात घेऊन विचारा, 'संबंधित विषयातील' या दोन शब्दांचा ते काय अर्थ लावतात ते. फोनवर 'चालते ना' म्हणणारा माणूस छाननीला बसलेला नसतो, हे लक्षात ठेवा. एम.एस्सी. नर्सिंगवाल्यांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का ते बघावं, दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि नेमकं मुलाखतीच्या आठवड्यात लक्षात येतं की संपलंय.

आता खरा अडथळा, अनुभव प्रमाणपत्र. हा कागद बहुतेकांकडे नसतोच, आणि असला तर कामाचा नसतो. तासिकेवर शिकवणाऱ्याला कॉलेज नेमणुकीचा आदेश द्यायला टाळाटाळ करतं, तोंडी सांगतात सोमवारपासून या, आपणही जातो, आणि दोन वर्षांनी दाखवायला हातात काहीच नसतं. मागच्या वर्षी एका मुलीचं प्रमाणपत्र मी पाहिलं, छान जाड लेटरहेड, गोल शिक्का, आणि आत एक ओळ, 'यांनी आमच्याकडे फॅकल्टी म्हणून समाधानकारक काम केले'. विषय नाही, तारखा नाहीत, जावक क्रमांक नाही. तिने ॲनाटॉमीचे दोन बॅच पूर्ण शिकवले होते आणि छाननीत अनुभव शून्य धरला. खूप वाईट वाटलं मला. तर प्रमाणपत्रात हे हवंच: कोणत्या कोर्सला, कोणता विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, जावक क्रमांक, आणि प्राचार्यांची सही, ऑफिस सुपरिंटेंडेंटची नको. तास लिहून घ्याच, कारण बी.एस्सी. नर्सिंगला २०२१ च्या नव्या नियमांनंतर ॲप्लाइड ॲनाटॉमी ६० तास आणि ॲप्लाइड फिजिओलॉजी ६० तास, दोन्ही पहिल्याच सेमिस्टरमध्ये संपतात, आणि जीएनएमला दोन्ही मिळून ९० तास. एवढंच शिकवून वरती 'एक वर्ष अनुभव' लिहिलं की मुलाखतीत कोणीतरी खोदतोच.

जुनं कॉलेज प्रमाणपत्र देतच नसेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याच्या कॉपीवर आवकचा शिक्का घ्या. सोबत मानधन जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, टाइमटेबल, तुमच्या सहीची इंटर्नल मार्कांची यादी जोडा. हे सगळीकडे चालेलच असं नाही, पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं. आणि आत्ता कुठे शिकवत असाल तर आदेश आजच मागा, नोकरी सोडताना नाही.

नावाचा घोळ दुसरा. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन परत माहेरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत लावा, ज्या नावाने पदवी आहे त्याच नावाने फॉर्म भरा आणि कंसात आताचं नाव टाका. ॲफिडेव्हिटसाठी कलेक्टर ऑफिसला जाणार असाल तर शनिवार धरू नका, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, कितीतरी जण शनिवारी सिव्हिल लाइन्सपर्यंत येऊन उन्हात परत जातात.

दुसरीकडे कुठे नोकरी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागेल. आणि एका कॉलेजात फुल टाइम म्हणून नाव दाखवलेलं असताना दुसऱ्याच्या यादीत सही करू नका, कोणी कितीही गोड बोलून 'फक्त इन्स्पेक्शनपुरतं' म्हटलं तरी, तपासणीत एकच नाव दोन ठिकाणी निघालं की त्रास तुम्हालाच.

तारीख नीट वाचा. 'अर्ज पोहोचण्याची शेवटची तारीख' म्हणजे त्या दिवशी अर्ज त्यांच्या टेबलावर आवक झालेला पाहिजे, त्या दिवशी स्पीड पोस्ट केलेला नाही. नागपुरातच राहता तर हाताने नेऊन द्या आणि पोच घ्या. वॉक-इन असेल तर नोंदणीची वेळ वेगळी छापलेली असते, मुलाखत दिवसभर चालते म्हणून बारा वाजता पोचलेल्यांना गेटवरच थांबवलेलं मी पाहिलंय.

बाकी फोटो, पॅन, आधार, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स, ओरिजिनल सोबत, हे नेहमीचंच. पॅन-आधार लिंक आहे ना बघा, नाहीतर मानधनातून टीडीएस जास्त कापला जातो.

डेमो लेक्चरबद्दल एक सांगते, कारण कागद पास झालेले इथे बाद होतात. ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) फांद्या घडाघडा लिहून दाखवू नका. सिलॅबसमध्ये 'ॲप्लाइड' शब्द आहे तो वाचा. कुल्ल्याचे चार भाग बोर्डावर पाडा, वरच्या बाहेरच्या भागातच इंजेक्शन का, पायाकडे जाणारी मोठी सायाटिक नर्व्ह कुठून जाते आणि तिला सुई लागली तर पेशंटच्या पायाचं काय होतं, हे दहा मिनिटांत समजावून सांगा. जीएनएमला आर्ट्समधूनही प्रवेश मिळतो, गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेल्या कितीतरी पोरींनी दहावीनंतर बायोलॉजी पाहिलेलंच नसतं, म्हणून इंग्रजी शब्द बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, तोंडाने म्हणून दाखवा आणि मग मराठीत फोड करा. पॅनेलवर नर्सिंगच्या जुन्या मॅडम असतात, त्यांना हेच बघायचं असतं.

निवड झाली की तासाचा दर आणि बिल महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं हे आदेशात लिहून घ्या, आणि प्रत्येक लेक्चरची मस्टरवर सही करून त्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.