चौथऱ्यावरचे वाफेचे इंजिन लगेच धावू शकते का?

‘चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनात कोळसा आणि पाणी भरले की ते आजही धावेल’, असा मजकूर बडोद्यातील मराठी गटांतही अनेक वर्षे फिरतो. डभोईची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, 1862 मध्ये ज्या शहराच्या शेजारी सुरू झाली, तेथे अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. पण ती खरी नाही.

कारखान्याच्या आवारात वाघिणी ओढणाऱ्या लहान इंजिनाचे आयुष्यही पाण्याची वाफ करणाऱ्या बॉयलरवरच ठरते. आत राहिलेला ओलावा पत्रा आणि नळ्या कुरतडत राहतो, आणि ताज्या रंगाखालून ही झीज दिसत नाही. दाबाखालचे पाणी 100 अंशांहून बरेच अधिक तापलेले असते. पत्रा फाटला तर त्यातील काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वातावरणाच्या दाबाला वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा व्यापते. म्हणून इंजिन पुन्हा चालवण्यापूर्वी पत्र्याची जाडी मोजतात आणि मग बॉयलर थंड पाण्याने पूर्ण भरून कामाच्या दाबापेक्षा अधिक दाब देतात. पाणी फारसे दबत नसल्याने गळती झाली तरी स्फोट होत नाही.

पडताळायचे असेल तर इंजिन सांभाळणाऱ्यांना बॉयलरची शेवटची दाबचाचणी केव्हा आणि किती दाबाला झाली, हे विचारावे. चाचणी झालेली नसेल, तर ते इंजिन केवळ पाहण्यासाठी जतन केलेले आहे, आणि तेही मोलाचेच काम आहे. अशा इंजिनाला नव्या रंगापेक्षा डोक्यावर छप्पर अधिक गरजेचे असते.