समुद्र ऊब उसनी देतो, उजेड नाही

लंडनला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी पुण्याहून आईचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय गं, बर्फ पडला का?" नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, माझं उत्तर तेच. पाऊस होता, ओला गारठा होता, खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पाणी साचत होतं. बर्फाचा पत्ता नव्हता. अंधार मात्र रोज भेटत होता. दुपारचा चहा टाकायला उठावं तर बाहेर दिवेलागण झालेली आणि घड्याळात पावणेचार.

थंडीची तयारी मी जय्यत केली होती. लोकरीचे मोजे, कानटोपी, वहिनीने विणलेला स्वेटर. पण ब्रिटनच्या हिवाळ्यात माणसाला खरं काय सोसावं लागतं, तर उजेडाची टंचाई. थंडी तिथल्या अक्षांशाच्या मानाने फारच सौम्य आहे, आणि बर्फ तर बऱ्याचदा हुलकावणीच देतो.

आधी उजेडाचं बघू. लंडन ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई १९ अंशांवर. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. हात लांब करून मूठ आडवी धरली की ती आकाशाचा साधारण १० अंशांचा तुकडा झाकते. म्हणजे दुपारी बारा वाजता सूर्य दीड मुठीवर. मुंबईत त्याच दिवशी तो पावणेपाच मुठींवर असतो. मी पाच फूट तीन इंच. त्या दुपारी लंडनच्या बागेत उभी राहिले तर माझी सावली जवळजवळ सहा मीटर लांब पडते. मुंबईत ती दीड मीटरसुद्धा भरणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात जूनमध्ये ऊन खिडकीच्या कठड्यापाशीच थांबतं. डिसेंबरमध्ये ते आडवं घुसून थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातं आणि फरशीवरचा एकेक ओरखडा दिसायला लागतो. पण त्या उन्हात हात धरला तर ऊब जाणवत नाही. कणकेच्या एका गोळ्याची पोळी जितकी मोठी लाटावी तितकी ती पातळ होत जाते. उन्हाचंही तसंच. सूर्य डोक्यावर असताना जो झोत एक चौरस मीटर जमिनीवर पडतो, तोच १५ अंशांवरून आला की जवळजवळ चार चौरस मीटरवर पसरतो. शिवाय तो तिरका येताना हवेचा कितीतरी जाड थर पार करून येतो.

त्या दिवशी लंडनला सूर्य आठ वाजून चार मिनिटांनी उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दिवस भरतो पावणेआठ तासांपेक्षा थोडासाच जास्त. एडिंबरामध्ये सात तासांना दोन-तीन मिनिटं कमी. शेटलंड बेटांवरच्या लर्विक गावात सहा तासांनाही दहा मिनिटं कमी. तिथले लोक जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी शेकडो मशाली पेटवून मिरवणूक काढतात आणि शेवटी लाकडी जहाजाची होळी करतात. 'अप हेली आ' हा तो उत्सव. इतक्या अंधारात माणसाला मोठी आग पेटवावीशी वाटली तर मला त्यात नवल वाटत नाही.

घड्याळ फिरवून उजेड मिळवण्याचा प्रयत्नही ब्रिटनने करून पाहिला. एरवी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. १९६८ ते १९७१ या काळात मात्र हिवाळ्यातही ती एक तास पुढेच ठेवली. संध्याकाळ लांबली, पण ग्लासगोत डिसेंबरचा सूर्य पावणेदहाला उगवू लागला आणि मुलं काळोखात शाळेत निघाली. प्रयोग बंद झाला.

आता थंडी. सूर्याचा हा कंजूषपणा पाहता तिथे सगळं गोठून जायला हवं. एडिंबरा आणि मॉस्को जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोघांच्या वाट्याला ऊनही सारखंच तिरकं येतं. तरी जानेवारीचं सरासरी तापमान मॉस्कोत उणे सहाच्या आसपास, तर एडिंबरात शून्याच्या वर चारेक अंश. फरक पडतो तो समुद्रामुळे. एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तीन हजार घनमीटरांहून जास्त हवा एका अंशाने तापते. अटलांटिक महासागर उन्हाळाभर उष्णता साठवत राहतो आणि हिवाळाभर ती हळूहळू परत करतो. रत्नागिरीची जानेवारीतली रात्र आणि निफाडची रात्र ज्याने अनुभवली आहे, त्याला समुद्राचा हा स्वभाव वेगळा सांगायला नको.

शाळेत आपण याचं सगळं श्रेय गल्फ स्ट्रीमला देतो. मेक्सिकोच्या आखातातून निघालेला तो उबदार प्रवाह ब्रिटनला शेक देतो, असं वाचल्याचं आठवत असेल. प्रवाहाचा वाटा आहेच, पण किती, यावर वाद आहे. २००२ मध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की मोठं काम वारे करतात. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतरांगेमुळे पश्चिमी वाऱ्यांच्या वाटेला नागमोडी वळण मिळतं आणि ते अटलांटिक ओलांडून ब्रिटनकडे नैर्ऋत्येकडून, म्हणजे उबदार बाजूने येतात. समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली ऊब उचलून ते दारात आणून टाकतात. मला हे म्हणणं पटतं, कारण कॅनडाचा पश्चिम किनाराही असाच सौम्य आहे आणि तिथे गल्फ स्ट्रीम नाही.

म्हणजे ब्रिटनची ऊब वाऱ्याच्या मर्जीवर चालते. तो पश्चिमेकडून वाहतोय तोवर ठीक. तो उलटला आणि पूर्वेकडून, सैबेरिया-रशियाच्या बाजूने येऊ लागला, की त्या अक्षांशाची खरी थंडी दार ठोठावते.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात हेच झालं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला आणि देशाचा बराच भाग मार्च उजाडेपर्यंत त्याखाली राहिला. मध्य इंग्लंडची जानेवारीची सरासरी उणे २.१ अंशांवर उतरली, केंटमधल्या हर्न बे इथे किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला. १७४० नंतरचा हा सर्वांत थंड हिवाळा. असं छातीठोकपणे सांगता येतं, कारण मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाची मालिका १६५९ पासूनची आहे. शिवरायांनी प्रतापगडावर अफजलखानाचा निकाल लावला ते हेच वर्ष. जुन्या रोजनिशा आणि नोंदवह्या धुंडाळून हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅनली यांनी ती मालिका रचली. तापमापकाच्या नोंदींची इतकी लांब मालिका जगात दुसरी नाही, आणि मला ती एखाद्या किल्ल्याइतकीच जपावीशी वाटते.

२०१८ ची गोष्ट आणखी विलक्षण आहे. फेब्रुवारीच्या मध्यात उत्तर ध्रुवावर, जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा अचानक तापली आणि तिथे हिवाळाभर गरगरणारा थंड वाऱ्यांचा भोवरा फुटून दोन झाला. त्याचा परिणाम दोनेक आठवड्यांत खाली झिरपला. पश्चिमी वारे मंदावले, पूर्वेकडची बर्फाळ हवा ब्रिटनवर आली. ही हवा मुळात कोरडी असते. उत्तर समुद्र ओलांडताना ती खालच्या पाण्यातून वाफ आणि ऊब घेते, ढगांच्या रांगा बनतात आणि पूर्व किनाऱ्यावर हिमवर्षावाच्या सरींवर सरी येतात. १ मार्चला, म्हणजे हवामान खात्याच्या हिशेबाने वसंताच्या पहिल्या दिवशी, देशाच्या काही भागांत लाल इशारा होता.

पण अशी वर्षं अपवादाची. एरवीचा बर्फ पाऊस आणि हिम यांच्या उंबरठ्यावर अडखळतो. हिवाळ्यातला ब्रिटनचा बहुतेक पाऊस वर ढगात बर्फाचे कण म्हणूनच जन्माला येतो. खाली येताना शून्य अंशाची पातळी ओलांडली की तो वितळायला लागतो. जमिनीलगत दोन अंशांहून कमी तापमान असेल तर तो बर्फ म्हणून पोचण्याची आशा असते. इथे एक सुंदर गुंतागुंत आहे. बर्फ वितळायला उष्णता लागते, ग्रॅमला ८० कॅलरी, आणि ती तो आजूबाजूच्या हवेतून घेतो. त्यामुळे वारा पडलेला असताना पाऊस जोराचा असेल तर वितळणारा बर्फच हवा थंड करत जातो, आणि मागून येणाऱ्या बर्फाच्या पाकळ्या शाबूत खाली उतरतात. तासाभरापूर्वी जिथे छत्री उघडली होती तिथे रस्ता पांढरा होतो. एका अंशाच्या फरकावर सगळं ठरतं. म्हणून तिथल्या हवामानतज्ज्ञाला बर्फाचा अंदाज देणं इतकं जड जातं, आणि म्हणूनच लंडनमध्ये पाऊस असताना तीनशे मीटर उंचीच्या टेकडीवर, जिथे हवा दोनेक अंशांनी थंड असते, बर्फ पडत असतो.

१९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या सरासरीने ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे २४ दिवस बर्फ किंवा बर्फमिश्रित पाऊस पडतो. त्यातला बराचसा उंचावर, आणि जास्त करून स्कॉटलंडमध्ये. 'पांढऱ्या नाताळा'ची व्याख्याही त्यामुळे उदार ठेवलेली आहे. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाची एक पाकळी पडताना दिसली तरी पुरे.

जिथे बर्फ पडत नाही तिथेही सकाळी गवत पांढरं असतं. ते दहिवर. आकाश निरभ्र असलं की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती धरून ठेवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची छायाचित्रं दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, त्यामागचं कारणही तेच. हवेचं तापमान माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजतात. गवताचं पातं त्याहून काही अंशांनी थंड होऊ शकतं. त्यामुळे तापमापक तीन-चार अंश दाखवत असताना पायाखाली बर्फ कुरकुरतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनचं ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही. सूर्य इतका खाली असतो की लागणारे अतिनील किरण ओझोनच्या थरातच अडकतात. आपल्या सावळ्या त्वचेला तर गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. ग्लासगोत १९६० च्या दशकात दक्षिण आशियाई घरांतल्या मुलांमध्ये मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार, दिसू लागला होता. तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा की हिवाळ्यात सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीला मी कोटाच्या आधी हे सांगते.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. लंडनमध्ये तो तीळ मोजता येतो. १४ जानेवारीला दिवस डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसापेक्षा २५ मिनिटांहून थोडा जास्त मोठा झालेला असतो. गंमत म्हणजे ही वाढ जवळजवळ सगळी संध्याकाळच्या पदरात पडते. सूर्यास्त सव्वाचारपर्यंत सरकतो, सूर्योदय मात्र आठलाच चिकटून असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या बाराशी जुळत नाही, या दिवसांत ती रोज थोडी उशिरा होत जाते. सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास होऊन गेलेला असतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय वर्ष संपता संपता येतो. पुढे मार्चमध्ये दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी वाढतो. मुंबईत हा वेग फार तर एका मिनिटाच्या आसपास.

उजेड असा परतत असतो, पण समुद्र अजून थंडच होत असतो. त्याची साठवलेली ऊब संपत संपत फेब्रुवारी-मार्चमध्ये तळाला लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये नाताळापेक्षा ईस्टरला बर्फ पडण्याची शक्यता जास्त असते. माझा पहिला बर्फही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पडला. सकाळी सात वाजता दार उघडलं तर चक्क उजाडलेलं होतं, आणि त्या राखाडी उजेडात नाण्याएवढे भिजट पुंजके खाली येत होते. शून्याच्या आसपास पाकळ्या ओलसर होतात आणि एकमेकींना चिकटतात, म्हणून ते एवढे मोठे. कोटाच्या काळ्या बाहीवर एक पुंजका टेकला, कडेने पारदर्शक झाला आणि पाण्याचा थेंब होऊन लोकरीवर थांबला. रविवार नव्हता, तरी मी आईला फोन लावला.