इओसीन काळ

नवजीव महाकल्पातील पॅलिओजीन कल्पाचा मधला विभाग म्हणजे इओसीन किंवा आदिनूतन काळ. तो साधारणपणे ५.६ ते ३.३९ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांत आजही हयात असलेल्या जातींचे प्रमाण पाहून चार्ल्स लायेल यांनी १८३३ मध्ये हे नाव रूढ केले. मात्र त्यांच्या इओसीनमध्ये पुढे वेगळे काढलेले पुरानूतन (पॅलिओसीन) थरही येत असल्याने जुन्या ग्रंथांतील उल्लेख जपून वाचावे लागतात.

या काळाची खालची सीमा ईजिप्तमधील दबाबिया येथील छेदात (उघड्या पडलेल्या थरांच्या क्रमात) ठरविली आहे. तेथे सागरी व भूपृष्ठीय थरांत सर्वत्र आढळणारी कार्बन समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या) गुणोत्तरातील घसरण, म्हणजे जड कार्बनच्या प्रमाणातील घट, सुरू होते. काही हजार वर्षांत हलक्या कार्बनचा प्रचंड साठा वातावरणात व सागरात मिसळला आणि सरासरी तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो या कार्बनच्या उगमाचा. सागरतळाशी गोठलेल्या मिथेन हायड्रेटचे (बर्फासारख्या घनात अडकलेल्या मिथेन वायूचे) विघटन हे स्पष्टीकरण बराच काळ प्रचलित होते, कारण मिथेनमधील कार्बन अतिशय हलका असल्याने थोड्या साठ्यातूनही एवढी घसरण साधते. परंतु बोरॉन समस्थानिकांवरून काढलेली सागराची आम्लता अधिक मोठा, म्हणून तितका हलका नसलेला आणि मुख्यतः ज्वालामुखीय साठा सुचविते. याच सुमारास उत्तर अटलांटिक उघडताना मोठ्या प्रमाणात लाव्हा बाहेर पडला होता, हे ध्यानात घेता हे मत अधिक ग्राह्य वाटते; मिथेनचा पूरक वाटा त्याने नाकारला जात नाही.

आरंभीच्या इओसीनमध्ये ध्रुवांवर कायमचे हिमस्तर नव्हते, असे दिसते. कॅनडाच्या एल्झमिअर बेटावर सुसरवर्गीय प्राण्यांचे अवशेष सापडतात. ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका अद्याप पूर्णपणे विलग झाले नव्हते. भारतीय भूखंड आशियाला भिडत असताना त्यांच्यामधील टेथिस समुद्र आकसत गेला. ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, असे बहुधा मानले जात असले तरी तिचा काळ बराच मागेपुढे नेणारी मते आहेत. त्या उथळ सागराच्या चुनखडकांत न्युम्युलाइट हे नाण्यासारखे जीवाश्म विपुल असून कच्छमधील थरांचे कालनिर्धारण बव्हंशी त्यांवर व अन्य मोठ्या फोरॅमिनीफेरांवर (कवचधारी एकपेशीय जीवांवर) आधारले आहे.

देवमाशांचे चालणारे पूर्वज पाकिस्तान व कच्छमध्ये, तर पूर्ण जलचर बॅसिलोसॉरस ईजिप्तच्या वादी अल-हितान येथे मिळाले आहेत. अखेरीस हवामान थंड होऊन अंटार्क्टिकावर हिमस्तर वाढू लागले. काळाची वरची सीमा इटलीतील मासिन्यानो येथे हँटकेनिना गटातील प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या) फोरॅमिनीफेरांच्या लोपावर निश्चित केली आहे.